अठ्ठावन्न मिलिमीटरची पूर्ण रुंदी

रविवार, १४ जानेवारी २०२४. सांगली.

आज भोगी. भाजीसाठी घेवडा, वांगी आणि हरभऱ्याचे सोलाणे निवडून झाल्याखेरीज आई घरातून हलणार नव्हती, त्यामुळे कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूरला पोहोचेपर्यंत आठ वाजून गेले. कृष्णेवरचे धुके तोवर विरळ झाले होते, पण पूर्ण गेले नव्हते, आणि नदीवरून येणारा उजेड अजून मऊ होता. मला हवा होता तसाच तो होता. संध्याकाळपर्यंत तपशील पुसट होतात, म्हणून जेवण झाल्याबरोबर लिहायला बसले आहे.

ही वही मी दीड वर्षापूर्वी सुरू केली, त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. माझा कॅमेरा, म्हणजे २०२० साली जाहीर झालेला सोनीचा ए ७ सी, त्याच्या स्वतःच्या लेन्सने काढलेल्या प्रत्येक छायाचित्रासोबत छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट किती उघडी आहे ते), नाभीय अंतर (लेन्स किती रुंद दृश्य पाहते ते ठरवणारे मिलिमीटरमधले माप), लेन्सचे नाव असे सगळे काही आपोआप नोंदवतो. बाबांची जुनी रशियन लेन्स मात्र त्याच्याशी एक अक्षरही बोलत नाही, कारण तिच्यावर विजेचा एकही संपर्कबिंदू नाही. बेचाळीस मिलिमीटर व्यासाचा आटा, भिंगे आणि पितळ-अ‍ॅल्युमिनियमची कडी, एवढाच तिचा संसार. त्यामुळे कॅमेऱ्याच्या नोंदीत छिद्राची जागा रिकामी राहते आणि ती भरण्याचे काम माझ्याकडे येते. बाबाही फिल्मच्या प्रत्येक रोलामागे अशीच वही ठेवत. ती त्यांची वही आणि ही माझी वही आता एकाच खणात आहेत.

लेन्स आहे हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, सर्वांत मोठे छिद्र एफ २ (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी जर्मनीतल्या येना येथील झाइस कंपनीच्या बायोटार या लेन्सची रचना घेऊन ती बनवली आणि झेनिट कॅमेऱ्यांसोबत अक्षरशः लाखोंनी विकली. आमच्या लेन्सचा क्रमांक ७७ ने सुरू होतो, म्हणजे ती बहुधा १९७७ ची असावी. बाबांनी ती झेनिटसह एका परिचिताकडून १९७९ मध्ये विकत घेतली होती. झेनिट आज राहिलेला नाही. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला, तेव्हा तो खालच्या कपाटात होता आणि गाळ सुकल्यावर त्याचे शटरचे पडदे कायमचे चिकटून बसले. लेन्स तेवढी पत्र्याच्या डब्यात माळ्यावर होती. पुढच्या दमट महिन्यांत तिच्या आतल्या काचेवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे धरले. पुण्यातल्या एका कारागिरांनी ती उघडून स्वच्छ केली, तरी एका कडेला फिकट खूण उरली आहे. सूर्य समोर असला की त्या खुणेमुळे चित्रावर दुधाळ पडदा येतो. पाठीवर उजेड घेऊन उभे राहिले की तो पडदा दिसत नाही.

आज हरिपूरला जाण्यामागे एक जुने छायाचित्र होते. जानेवारी १९८० मध्ये बाबांनी संगमेश्वराच्या घाटावर बसलेल्या आईचे छायाचित्र काढले होते. आडव्या चौकटीत आई, शेजारी तांब्याची कळशी, पायाखालच्या दोन पायऱ्या आणि मागे दगडी भिंतीचा तुकडा, असे सगळे त्यात नेमके बसले आहे. वहीत पेन्सिलीने लिहिले आहे: इंदू, ५.६, १/१२५, ३ मीटर; म्हणजे फिल्म, छिद्र, शटरची वेळ सेकंदात आणि अंतर. इंदू ही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची कृष्णधवल फिल्म. ते छायाचित्र पुन्हा काढावे ही माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि २०२१ मध्ये मी तसा प्रयत्नही केला होता, पण तो जमला नाही.

का जमला नाही ते नीट लिहून ठेवते, कारण या छोट्या कॅमेऱ्यावर माझा एवढा जीव का आहे याचे उत्तर तिथेच आहे. तेव्हा माझ्याकडे लहान सेन्सरचा (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा), आरसा असलेला कॅननचा कॅमेरा होता. त्यावर हेलिओस पातळ अ‍ॅडॉप्टर, म्हणजे जोडकडे, लावून बसते, छायाचित्रेही सुरेख येतात. पण ही लेन्स ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीसाठी घडवलेली आहे आणि त्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा होता. लेन्स आपले पूर्ण वर्तुळ आत टाकते, सेन्सर त्याच्या मधला तुकडा तेवढा उचलतो आणि चोहोबाजूंचे बाकीचे काळ्या भिंतीवर वाया जाते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत चाळीस अंशांहून थोडे अधिक पाहणारी लेन्स सव्वीस-सत्तावीस अंशांवर येते. हिशेब सोपा आहे: तीन मीटरवर हेलिओसला पूर्ण चौकटीत सव्वा मीटर उंचीचे दृश्य दिसते, तर त्या लहान सेन्सरला पाऊण मीटरच्या आसपास. बाबांच्या जागेवर उभी राहिले तेव्हा आई गुडघ्यांवर कापली जात होती आणि कळशीला तर जागाच नव्हती. सगळे बसवायचे तर मला पावणेपाच-पाच मीटरवर जायला हवे होते. पण बाबा उभे होते ती पाण्याकडची शेवटची पायरी आहे आणि तिच्यामागे कृष्णा आहे.

लोक म्हणतात, दुसरी रुंद लेन्स लावायची. लावता येते, आणि चौकट जवळपास तीच मिळते, हेही खरे. पण मग ती बाबांची लेन्स राहत नाही, आणि तिचे मुख्य लक्षणही हाती लागत नाही. हेलिओस पूर्ण उघडली की मागची पाने, उजेडाचे ठिपके मध्यभागाभोवती भोवऱ्यासारखे फिरल्यासारखे दिसतात. कडेने तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठांवर अंशतः अडतो, त्यामुळे मध्यावर गोल असलेले ठिपके कडेकडे जाताना बदामासारखे चपटे होतात आणि सगळे केंद्राभोवती वळलेले भासतात. आता हे सगळे घडते ते चौकटीच्या कडांना. लहान सेन्सर नेमक्या त्याच कडा टाकून देत होता. मी दोन वर्षे त्या लेन्सने छायाचित्रे काढली आणि तिचा स्वभाव काय आहे हे मला ठाऊकच नव्हते, असे आज मला वाटते.

पूर्ण चौकटीचे, म्हणजे ए ७ सी सारखा ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर असलेले, कॅमेरे पूर्वीही होते, पण ते घेऊन मी घाटावर, बाजारात, कोणाच्या घरात सहज गेले नसते. ए ७ सी बॅटरी आणि कार्ड धरून ५०९ ग्रॅम भरतो. हेलिओस साधारण पाव किलोची. दोन्ही मिळून माझ्या कापडी पिशवीत पोळीच्या डब्याशेजारी मावतात. आरसा काढून टाकल्यामुळे केवळ वजन कमी झाले असे नाही, सेन्सरपुढची जागाच मोकळी झाली. या कॅमेऱ्यात लेन्स बसवायच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर केवळ १८ मिलिमीटर आहे. हेलिओसच्या आट्याला ते ४५.४६ मिलिमीटर लागते, कारण तिच्या काळात मध्ये आरसा वर-खाली होत असे. उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढायला एक पोकळ नळी पुरते. आत काच नाही, यंत्र नाही. निकॉनच्या जुन्या लेन्सना ४६.५ मिलिमीटर लागतात, तर त्यांची नळी २८.५ मिलिमीटरची. ज्या पोकळीत एके काळी आरसा हलत होता ती पोकळी आता हव्या त्या लेन्सला आपले घर वाटते, ही गोष्ट मला अजूनही फार सुंदर वाटते.

नळी साधी असली तरी माप चुकले की चूक सेन्सरवर उमटते. माझा पहिला अ‍ॅडॉप्टर एका दुकानातून स्वस्तात घेतला होता आणि तो केसाएवढा आखूड निघाला. लेन्सवरची अनंताची, म्हणजे फार दूरच्या वस्तूंसाठीची, खूण येण्यापूर्वीच नदीचा पलीकडचा काठ स्पष्ट व्हायचा आणि कडे शेवटपर्यंत फिरवले की पुन्हा पुसट. बरेच अ‍ॅडॉप्टर मुद्दामच किंचित आखूड ठेवतात, म्हणजे अनंत कधी निसटत नाही, हे नंतर कळले. तोच वापरते आहे, फक्त कडे टोकाला नेऊन विसंबत नाही, पडद्यावर दृश्य मोठे करून डोळ्यांनी ठरवते.

डोळ्यांनी ठरवणे ही सवय मला मिरजेत लागली. गेल्या आठवड्यात सतारमेकर गल्लीत एका चाचांच्या कारखान्यात दोन तास बसले होते. बरोबर निकॉनची १०५ मिलिमीटर, एफ २.५ ही जुनी लेन्स होती. अफगाण मुलीचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र १९८४ मध्ये याच प्रकारच्या लेन्सने काढले गेले. चाचा नव्या सतारीची जवारी लावत होते, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून सूर जुळवत होते. घोडीवर कानस एकदा हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा एकदा फिरवायची. एक मीटरवरून, पूर्ण उघड्या छिद्रावर या लेन्सची स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे स्पष्ट दिसते तो पट्टा, जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते. घोडीवर फोकस धरला की कानस धरलेली बोटे पुसट, बोटांवर धरला की घोडी पुसट. कॅमेरा मांडीवर ठेवून, पडदा वर वळवून, दृश्य मोठे करून मी कडे केसाकेसाने फिरवत होते. स्वयंचलित फोकसने काय धरले असते ते सांगता येत नाही, बहुधा त्यांचा चेहराच. मला तारेचा घोडीला टेकलेला बिंदू हवा होता. थोड्या वेळाने चाचा म्हणाले, "ताई, तुम्हीबी जवारीच लावताय म्हणा की." मग त्यांनी हात थांबवून मला तो बिंदू नीट दाखवला. शटरचा आवाज येऊ नये म्हणून सुरुवातीला मी मूक शटर लावले होते, पण ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटले, म्हणून ते बंद केले. आवाजाची त्यांना काही अडचण वाटली नाही.

परत घाटाकडे येते. आईला बसायची पायरी आठवत होती, आणि छापील छायाचित्रातल्या भिंतीच्या दगडांवरून मीही ती पडताळून पाहिली. कळशी घरूनच नेली होती. मी पाण्याकडच्या पायरीवर उभी राहिले, मेन्यूत स्थिरीकरणासाठी ५८ हा आकडा भरला, कारण लेन्स स्वतःहून तो सांगत नाही आणि चुकीचा आकडा राहिला तर हाताची थरथर सावरण्याऐवजी चित्र अधिक हलते. छिद्राचे कडे ५.६ वर आणले. आरशाच्या कॅमेऱ्यात छिद्र बारीक केले की दृश्य काळवंडत असे, इथे ते उजळच राहते. जुने छायाचित्र एका हातात धरून दोन्हींची तुलना केली. कळशी, पदराचे टोक, पायाखालच्या दोन पायऱ्या, भिंतीचा तुकडा सगळे आपापल्या जागी आले. एक पाऊलही मागे जावे लागले नाही. लेन्सच्या पट्टीवर काटा तीनच्या किंचित अलीकडे थांबला, तो आखूड अ‍ॅडॉप्टरचा फरक.

मी बराच वेळ शटर दाबलेच नाही. चौकटीच्या कडा पुन्हापुन्हा पाहत राहिले. बाबांनी त्या दिवशी दृश्यदर्शकातून जेवढे पाहिले असेल जवळपास तेवढेच मी पाहत होते, आणि त्यातली रुंदी ना वाढवलेली होती ना कापलेली. आई म्हणाली, "ह्यांनीबी असंच ताटकळत बसवलं होतं. तवा पाय गार पडले होते माझे." मग तिने पाय तसेच जवळ ओढून घेतले, जुन्या छायाचित्रात आहेत तसे, आणि मी पहिले छायाचित्र काढले.

छिद्र २ वर आणूनही दोन घेतली. मागे पिंपळाची पाने होती, त्यांच्यातून आकाशाचा उजेड झिरपत होता आणि तो भोवरा आईभोवती अगदी मंद फिरलेला दिसतो. ही दोन छायाचित्रे मला आवडली, पण आईला पहिलेच आवडले. तिला ते कागदावर हवे आहे, जुन्याच्या मापाचेच. येताना रस्त्यात हळदीची पेवे पाहायला थांबायचा विचार होता, पण भाकरी करायच्या होत्या, म्हणून ते पुढच्या वेळेवर ठेवले.

नोंद. हरिपूर, सकाळी ८.२०, धुके, माझ्या पाठीमागून उजेड.
१. आई, घाट. हेलिओस. ५.६, १/१२५, आयएसओ २००, ३ मीटर.
२. तेच. २, १/१०००, आयएसओ २००.
३. तेच, आई पदर सावरताना. २, १/१०००, आयएसओ २००. फोकस कळशीवर गेला.