सर, स्टॅग आणि मैदान

महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र शिकागोत हाती आले, तेव्हा प्रथम आठवण झाली ती खेळाच्या सरांची आणि त्यांच्यामुळेच मला माहीत झालेले अमेरिकन क्रीडा प्रशिक्षक एमॉस अलॉन्झो स्टॅग यांची.

आम्ही आठवीत असताना एकदा पावसामुळे खेळाचा तास बुडाला. सरांनी आम्हाला व्हरांड्यात बसवले आणि फळ्यावर ५–१ असे आकडे लिहिले. ११ मार्च १८९२ रोजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला, त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना हरवले आणि शिक्षकांचा एकमेव गुण स्टॅग यांनी केला, असे सांगून सरांनी त्या ‘१’ भोवती खडूने वर्तुळ काढले. ते वर्तुळ मला आजही दिसते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकणाऱ्या स्टॅग यांना आपल्याला प्रवचन जमत नाही असे वाटले आणि त्यांनी मैदान हेच आपले कार्यक्षेत्र मानले. त्यांचे येलमधील गुरू विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये त्यांना नव्या शिकागो विद्यापीठात बोलावले. हाताने खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचे ते तेथे ४१ हंगाम प्रशिक्षक होते. १९०५ मध्ये त्यांच्या संघाने बलाढ्य मिशिगनला २–० असे हरवले. सत्तरी येताच विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले, पण ते थांबले नाहीत. कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये त्यांनी पुन्हा संघ बांधला आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. १९६५ मध्ये, १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपले सरही निवृत्तीनंतर कित्येक वर्षे पहाटे सहाला फक्कीची बादली घेऊन मैदानावर हजर असत. आज त्याच मैदानाच्या अर्ध्या भागावर पेव्हर ब्लॉक बसवून वाहने उभी केलेली पाहिली की जीव तुटतो. स्टॅग यांच्या जुन्या मैदानाच्या जागीही आता रेगेनस्टाइन ग्रंथालय आहे आणि माझे बरेचसे संशोधन मी तेथेच बसून केले आहे.

मागच्या भेटीत सरांना त्या इमारतीचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “अरे, यात गोलचे खांब कुठे होते? शोधून कळव मला.” समारंभाला येताना जुन्या मैदानाचा नकाशा मिळवून त्यांच्यासाठी आणणार आहे.