दोन कार्यक्रमांच्या मधली पृथ्वी

एक कार्यक्रम संपलाय, दुसरा सुरू व्हायला अजून दहा-पंधरा सेकंद आहेत. या फटीत पडद्यावर काय दाखवायचं? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कधीच सापडलंय : जाहिराती. पण बीबीसीच्या ब्रिटनमधल्या चॅनेलांवर जाहिराती नसतात. तिथला प्रेक्षक टीव्ही बघण्यासाठी लायसन्स फी भरतो आणि त्या बदल्यात त्याला ही फट मोकळी मिळते. मग तिथे चॅनेलचं चिन्ह येतं, आणि त्यावर कुणीतरी सावकाश आवाजात पुढे काय आहे ते सांगतं. टीव्हीवाले या तुकड्याला ‘आयडेंट’ म्हणतात. रात्री झोप लागत नसली की मी यूट्यूबवर जुने आयडेंट बघत बसते. घरचे याला वेड म्हणतात. म्हणोत.

लग्नाच्या पंगतीत पानं वाढून होईपर्यंत कुणीतरी श्लोक म्हणतं, तसलंच हे काम. श्लोक ऐकायला कुणीच आलेलं नसतं. पण तो नसता तर मंडळी नुसती एकमेकांच्या पानाकडे बघत बसली असती.

या फटीचा विचार नीट डोकं लावून पहिल्यांदा केला तो १९५३ साली. तारीख २ डिसेंबर. एब्रम गेम्स हा पोस्टरं करणारा नावाजलेला चित्रकार. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या मोठ्या प्रदर्शनाचं चिन्ह त्याचंच. बीबीसीने त्याला टेलिव्हिजनसाठी चिन्ह करायला सांगितलं. त्याने कागदावर चित्र काढून दिलं नाही, पितळेचं चक्क एक यंत्र उभं केलं. मध्ये डोळ्यासारखा आकार, दोन्ही बाजूंना पंख, त्यावर खेळणारा उजेड, आणि जोडीला हार्पचे सूर. लोक त्याला ‘वटवाघळाचे पंख’ म्हणायला लागले. हे यंत्र इतकं नाजूक होतं, की त्याचं चित्रीकरण उरकलं आणि थोड्याच वेळात ते बंद पडलं. पडद्यावर दिसत राहिली ती फिल्म. आज ती बघताना थोडी धास्ती वाटते. इतक्या गंभीर चेहऱ्याने आपल्याकडे बघणारं चिन्ह पाहून माणूस उगाच ताठ बसत असेल.

पृथ्वी आली १९६३ मध्ये. पडद्यावर गोल फिरणारा पृथ्वीचा गोळा, बस. कल्पना म्हणून यात काय आहे? शाळेच्या कपाटावर असतो तोच गोळा. पण जरा थांबून बघितलं की त्यातली युक्ती कळते. निवेदकाला आज पाच सेकंद बोलायचंय की पन्नास, हे आधीपासून ठरलेलं नसतं. एखादा कार्यक्रम लवकर आटोपतो, पुढची फिल्म लागायला वेळ होतो. फिरत्या गोळ्याला आरंभ नाही आणि शेवटही नाही. आफ्रिका गेली, हिंदुस्थान आला, पॅसिफिक आला, पुन्हा आफ्रिका. कुठेही तोडा, काही बिघडत नाही. थांबायचं असेल तर गोल फिरण्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. आपल्या दूरदर्शनच्या चिन्हातल्या त्या दोन कमानीही गरगरत येऊनच मध्ये स्थिरावायच्या. त्या वेळी घरात सगळे आपापल्या जागा पकडत असायचे.

माझी सगळ्यात आवडती पृथ्वी १५ नोव्हेंबर १९६९ ची. त्या दिवशी बीबीसी वन रंगीत झालं. फिरत्या गोळ्यामागे अंतर्वक्र आरसा उभा केला, त्यामुळे पुढे एक पृथ्वी आणि मागे तिचंच फाकलेलं, पसरलेलं प्रतिबिंब. खाली दिमाखात लिहिलेलं : ‘बीबीसी वन कलर’. तो ‘कलर’ शब्द साधा नव्हता. रंगीत टीव्हीला लायसन्स फी जास्त पडायची, आणि ज्यांच्या घरी काळापांढरा संच होता त्यांना हा शब्द रोज संध्याकाळी करड्या अक्षरांत वाचावा लागायचा. शेजाऱ्याच्या घरातली नवी वस्तू डोळ्यांत खुपवण्याची इतकी सभ्य तऱ्हा मी दुसरी पाहिलेली नाही.

यातली खरी गंमत मात्र पडद्यामागे होती. हा गोळा म्हणजे बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये मोटरवर फिरणारं छोटंसं मॉडेल. त्याच्यासमोर एक कॅमेरा. हा कॅमेरा दुरून चालवता यायचा, मान वळवून कधी गोळ्याकडे बघायचा, कधी घड्याळाकडे, कधी एखाद्या पाटीकडे. त्याचं लाडकं नाव ‘नॉडी’. आणि हा नॉडी होता काळापांढरा! रंग नंतर विजेच्या करामतीने भरले जायचे. म्हणजे ‘कलर’ म्हणून मिरवणारी पृथ्वी टिपायचं काम रंग न दिसणाऱ्या कॅमेऱ्याकडे होतं. फायदा असा, की रंग बदलायचा झाला तर गोळ्याला ब्रश लावायला नको. पुढच्या वर्षांत तीच पृथ्वी निळी, पिवळी, हिरवट अशी रूपं घेत फिरत राहिली. नाताळात तिला सुट्टी मिळे, आणि तिच्या जागी सणाचं काहीतरी मॉडेल तसंच गरगरत असे. आपण घरात बसून जी पृथ्वी बघतोय ती या क्षणी लंडनमधल्या एका खोलीत खरोखर फिरते आहे, ही गोष्ट त्या काळच्या किती प्रेक्षकांना ठाऊक असेल?

बीबीसीचा प्रतिस्पर्धी आयटीव्ही. त्याच्याकडे जाहिराती होत्या, तरी चिन्हांची हौस काही कमी नव्हती, कारण आयटीव्ही म्हणजे वेगवेगळ्या भागांतल्या वेगवेगळ्या कंपन्यांचं गाठोडं. प्रत्येकीला आपलं नाव पुढे करायचं होतं. लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनने नदीकाठचं शहर दाखवलं : टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स, बिग बेन, नेल्सनचा खांब, सगळं एका रांगेत आणि खाली पाण्यात त्याची सावली. असं लंडन कुठल्याही काठावर उभं राहून दिसत नाही. पण लंडन न पाहिलेल्याला लंडन असंच असावं असं वाटतं, आणि पाहिलेल्यालाही.

आणि अँग्लिया टेलिव्हिजनचा घोडेस्वार! इंग्लंडच्या पूर्वेकडचा, नॉरिच शहराभोवतालचा हा परिसर. १९५९ मध्ये कंपनी सुरू होताना चिन्ह हवं होतं, तर अध्यक्षांनी लंडनच्या एका जवाहिऱ्याकडे चांदीचा एक सरदार पाहिला. एकोणिसाव्या शतकातला, नेदरलँड्सच्या राजाने घोडेस्वारी आणि ससाण्यांच्या शिकारीच्या क्लबासाठी करवून घेतलेला करंडक. तो विकत घेतला, भाल्याच्या टोकाला कंपनीचं निशाण अडकवलं, फिरत्या चौरंगावर ठेवला आणि हँडेलच्या संगीतावर फिरवला. डच राजाच्या करंडकाने पुढे जवळजवळ तीस वर्षं इंग्लंडच्या शेतकरी भागाला कोण कार्यक्रम दाखवतंय ते सांगितलं. माझी मावशी लग्न होऊन सत्तरच्या दशकात त्या बाजूला गेली. तिला मी या घोडेस्वाराचा इतिहास मोठ्या उत्साहाने ऐकवला, तर म्हणाली, ‘‘इतिहासबितिहास काही नाही गं. तो घोडा एकदा फिरून आला, की तव्यावरची पोळी उलटायची. तुझ्या काकांना कार्यक्रम चुकलेला चालायचा नाही आणि मला करपलेली पोळी.’’

१९८८ मध्ये घोडेस्वार गेला, त्याच्या जागी संगणकावरचं निशाण आलं. बीबीसीची खरी पृथ्वी तर त्याआधीच, फेब्रुवारी १९८५ मध्ये बंद झाली होती. नवी पृथ्वी संगणकातून निघाली : सोनेरी जमीन, आरपार दिसणारा निळा समुद्र, त्यातून पलीकडचे खंडही दिसत. बारा सेकंदांत एक फेरी. त्या काळी हे बघून लोकांचे डोळे विस्फारले असणार. मला ती पृथ्वी एखाद्या श्रीमंत बँकेच्या कॅलेंडरवर शोभेल अशी वाटते. धूळ नाही, मोटर नाही, आरसा नाही. सगळं झालं, फक्त ती कुठेच नव्हती.

त्याआधी संगणकाचा नाद कसा करावा ते चॅनेल फोरने दाखवून दिलं होतं. २ नोव्हेंबर १९८२ ला हे चॅनेल सुरू झालं. रंगीत ठोकळे हवेतून उडत येतात, एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा ४ होतो. मार्टिन लॅम्बी-नेर्न नावाच्या माणसाचं हे डोकं. ब्रिटनमध्ये असली चित्रं हलवू शकेल अशी सोय नव्हती, म्हणून काम अमेरिकेत करून घ्यावं लागलं. संगीताला मोजून चार सूर. बाहेरच्या छोट्या निर्मात्यांकडून कार्यक्रम घेऊन चालणारं चॅनेल, तेव्हा तुकडे जोडून झालेला आकडा हे त्याचं खरंखुरं वर्णनही होतं.

आता खरं तर लॅम्बी-नेर्नने संगणकाचा झेंडा घेऊनच पुढे जायला हवं होतं. १९९१ मध्ये बीबीसी टूचं काम त्याच्याकडे आलं. त्या वेळी पडद्यावर पांढऱ्यावर पांढरी, नक्षीदार ‘टू’ अशी अक्षरं असत, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातल्यासारखी. चॅनेल कंटाळवाणं, जरा शिष्ट, अशी लोकांची समजूत होती. लॅम्बी-नेर्नने अक्षरं काढून २ हा आकडा ठेवला आणि त्याचे हाल सुरू केले. एका आयडेंटमध्ये पांढरा २ भिंतीशी निमूट उभा असतो. बाजूने मोरपंखी हिरव्या रंगाचा एक सपकारा येतो आणि त्याच्यावर फुटतो. रंगाचे थेंब हवेत लांबतात, आकड्याच्या पोटावरून ओघळतात, भिंतीवर सांडतात. बस, इतकंच. पण तो खरा रंग होता आणि खराच फेकलेला होता, हे डोळ्यांना न सांगता कळतं. दुसऱ्या एकात रेशीम, आणखी एकात पाणी. पुढच्या वर्षांत हा २ चावट झाला : केसाळ खेळण्यातला कुत्रा होऊन उड्या मारू लागला, छोटी गाडी होऊन पळू लागला, रबरी बदकासारखा पाण्यावर तरंगू लागला. कार्यक्रम जवळपास तेच होते, पण प्रेक्षकांना विचारलं तर चॅनेल आता तल्लख आणि मिश्कील वाटतं म्हणू लागले. कार्यक्रम करणाऱ्यांना हे ऐकून आनंद झाला असेल की राग आला असेल, सांगता येत नाही.

पृथ्वीचं मात्र काही खरं राहिलं नाही. १९९७ च्या ऑक्टोबरात ती फुगा झाली : लालसर, पृथ्वीच्या नकाशाचा गरम हवेचा फुगा, स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या रेल्वेपुलावरून, लंडनच्या उंच इमारतींवरून तरंगणारा. मला तो आवडायचा, कारण एक तर तो खरा उडवलेला होता, आणि दुसरं म्हणजे त्याला कसलीही घाई नसायची. मग २००२ च्या मार्चमध्ये पृथ्वीलाच रजा मिळाली. जवळजवळ ३९ वर्षांनी. तिच्या जागी नाचणारे लोक आले : लाल कपडे, जगभरातले नाच, कुठे टँगो, कुठे ब्राझीलचा कपोएरा, कुठे न्यूझीलंडचा हाका. देशात सगळ्या तऱ्हेची माणसं राहतात हे दाखवायचा हेतू चांगलाच होता. पण ते नाच पाहताना मला दर वेळी वाटतं, की कुणीतरी आपल्याला ओढून मैदानात नेतंय. थांबलेल्या माणसाला निवांत थांबू द्यावं की नाही?

बीबीसीलाही तसंच वाटलं असावं. २००६ मध्ये वर्तुळ परत आलं. पाणघोडे पाण्याखाली गोलात पोहताहेत, मोटारसायकली गोलात धावताहेत, पतंगांचं कडं झालंय. पृथ्वी नाही, पण गोल आहे. मला यातले पाणघोडे बघवत नाहीत, इतके ते गुळगुळीत आहेत. पण त्यांच्यावर बोलणाऱ्या निवेदिकेला किती सोयीचं झालं असेल! आणि बीबीसी टूने २०१४ मध्ये चॅनेलची पन्नाशी साजरी करताना काय केलं? १९९१ पासूनचे ते जुने २ कपाटातून काढले आणि पुन्हा लावले. पाहुणे म्हणून आलेले ते आकडे २०१८ पर्यंत मुक्कामाला राहिले. बीबीसी टूचा जन्म बघता याचं फार नवल वाटायला नको. २० एप्रिल १९६४ ला उद्घाटनाच्या रात्रीच बॅटरसी वीजकेंद्रात बिघाड होऊन पश्चिम लंडनमध्ये अंधार झाला आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर गेला. दुसऱ्या संध्याकाळी पडद्यावर आधी एक मेणबत्ती दाखवली आणि निवेदकाने ती फुंकली. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी बघत वाढलेल्या माणसाला हे चॅनेल आवडणारच.

चॅनेल फोरनेही एक सुरेख खेळ केला. २००४ च्या शेवटी त्यांच्या आयडेंटमध्ये कॅमेरा एखाद्या वस्तीतून, विजेच्या मनोऱ्यांमधून किंवा हायवेवरून नुसता सरकत जातो. मध्येच क्षणभर इमारतींच्या कडा, तारा, खांब असे काही जुळतात की हवेत ४ उभा राहतो. कॅमेरा पुढे गेला की तो विस्कटतो. एकाच जागेवरून दिसणारा आकडा. तो दिसला नाही तरी कुणाचं बिघडत नाही. दिसला की आपल्याच हुशारीवर खूश व्हायला होतं.

आपल्यापर्यंत यातलं काही आलं नाही. १९९१ मध्ये स्टार टीव्हीवरून बीबीसी आशियात आली ती बातम्या घेऊन. पुढे आपल्याला भेटलं ते बातम्यांआधीचं काउंटडाउन : लाल पांढरे पट्टे, जगभरची दृश्यं, डेव्हिड लोचं धडधडणारं संगीत आणि शेवटी ठोके. सुरेखच आहे ते. अनेकांनी ते मोबाइलची रिंगटोन म्हणूनही लावलं असेल. पण ते शून्याकडे धावतं. त्यात बसून राहता येत नाही.

२०२२ पासून बीबीसी वनवर भिंग आहे. एखादी सार्वजनिक जागा दाखवतात, आणि गोल भिंगातून त्याच जागेत वेगवेगळ्या वेळी आलेली वेगवेगळी माणसं दिसतात. इकडे मोबाइलवर आणि स्ट्रीमिंगवर तर ही फटच उरलेली नाही; पुढचा भाग पाच सेकंदांत आपोआप सुरू होतो, आणि त्या पाच सेकंदांतही वगळण्याचं बटण असतं. पण बीबीसी वनवर अजून फुटबॉलचा सामना जादा वेळेत जातो, पेनल्टीवर जातो, पुढचा कार्यक्रम लांबतो, आणि निवेदिकेला माफी मागत किती वेळ बोलावं लागेल हे तिलाही ठाऊक नसतं. म्हणून भिंग चौकोनी न करता गोल केलं असेल, असा माझा आपला अंदाज.