आमची वाटचाल : फरशीकडून पेडलकडे

सुरुवात फरशीने झाली. विज्ञान प्रदर्शनांसाठी ‘पाऊल टाका, दिवा लावा’ अशा फरश्या बनवायचो, आत ३५ मिमीच्या पितळी पिझो चकत्या (वाकवल्या की वीज देणाऱ्या). चकती सपाट चिकटवली तर वाकतच नाही, मग वीज कुठली? तिला कडेने रिंगवर टेकवून मधोमध रबराचा ठोकळा दाबावा लागतो. ठोकळा तिरका बसला की पांढरा थर तडकतो. सोल्डरिंग करताना दोन सेकंदांच्या वर टोक टेकलं तर चांदीचा मुलामा उचलून येतो. शिवाय प्रत्येक चकतीला चार डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) स्वतंत्र ब्रिज, म्हणजे जोडणी, हवा, नाहीतर एकीची वीज दुसरीच खाते.

एवढ्या खटाटोपाचा हिशोब असा : ६० किलोचा माणूस, फरशी दबते ५ मिमी, म्हणजे पावलामागे जेमतेम ३ ज्यूल. सगळे पकडले तरी ९ वॉटचा बल्ब एक तृतीयांश सेकंद! पिझोच्या वाट्याला तर त्यातलं किरकोळच येतं. फरशी आता प्रात्यक्षिकापुरती.

धंदा चालतो तो पेडल-जनरेटरवर. २८ इंची साध्या सायकलचं मागचं चाक, टायर काढून रिमवर व्ही-बेल्ट (पट्टा), २४ व्होल्ट २५० वॉटची डीसी मोटर (बाहेरून फिरवली की हीच वीज बनवते) आणि तिला ५० मिमीची पुली. चेनव्हील (पेडलकडचं दातेरी चक्र) ४४ दात्यांचं, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं, एकाच दिशेने पकडणारं) १८चं. मिनिटाला ७० पेडल मारले की मोटर २२००च्या आसपास फिरते. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला एवढं पुरतं. पुली ७५ची लावली तर फेरे दीड हजारांखाली येतात, मग कितीही घाम गाळा, अँमीटरचा काटा जागचा हलत नाही.

सर्वांत नेमाने येणारी तक्रार : “चाक आपोआप फिरतंय.” मोटर-बॅटरीमधला शॉटकी डायोड (बॅटरीची वीज मोटरकडे परत जाऊ न देणारा) शॉर्ट झालेला असतो. बॅटरीच मोटर चालवते. फ्रीव्हीलमुळे पेडल गप्प, चाक मात्र गरगर, आणि सकाळी बॅटरी आडवी. १० अँपिअरचा डायोड हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) लावण्याचा हा प्रताप. आता २०चा लावतो, हीटसिंकसकट.

यूपीएसची ७ अँपिअर-तासाची बॅटरी स्वस्त म्हणून मागतात. तिला २ अँपिअरच्या वर सोसत नाही, तगडा गडी ५ देतो, आणि ती फुगते. २६ची घ्या.

साधारण माणूस अर्धा तास सलग ६० वॉट देतो. तोटा वजा जाता ९ वॉटचा डीसी बल्ब अडीच तास जळतो. तोटा न धरताही एक युनिट म्हणजे सतरा तास पेडल, हे आम्ही दरपत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापलंय. वीजबिल वाचवायला आलेले तिथूनच परत फिरतात.