दरोडेखोराचा संपादक

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन दरोडेखोर जेसी जेम्स याच्यावरचा हेन्री किंगचा १९३९ सालचा ‘जेसी जेम्स’ हा सिनेमा मी अधूनमधून लावतो, पण जेसी झालेल्या टायरन पॉवरसाठी नाही. तो देखणा आहे, घोड्यावर शोभतो, टेक्निकलरमधलं मिझुरी राज्य डोळ्यांना सुखावतं, सगळं मान्य. माझा जीव मात्र गावातल्या चिडक्या संपादकात अडकलाय. हेन्री हलने हा मेजर रूफस कॉब काय रंगवलाय! येरझाऱ्या घालत तो अग्रलेख सांगतो आणि दर वेळी मतलब तोच: पश्चिमेत कायदा-सुव्यवस्था हवी असेल, तर आधी अमक्यांना कुत्र्यासारख्या गोळ्या घाला. अमके तेवढे बदलतात. कधी वकील, कधी रेल्वेचे अध्यक्ष, एकदा तर दंतवैद्य.

सिनेमातला जेसी दरोडेखोर होतो तो रेल्वेमुळे. रेल्वेची माणसं शेतकऱ्यांच्या जमिनी धाकदपटशाने लाटतात, घरात बॉम्ब टाकून त्याच्या आईचा जीव घेतात. तिशीच्या दशकातल्या मंदीत ज्यांची शेतं बँकांनी गिळली होती, त्या प्रेक्षकांनी टाळ्या न वाजवल्या तरच नवल.

खरा बॉम्ब पडला जानेवारी १८७५ मध्ये, पिंकर्टन या खासगी कंपनीच्या गुप्तहेरांच्या छाप्यात. त्यात जेसीचा लहानगा सावत्र भाऊ गेला, आईचा एक हात गेला. प्रकार भयंकरच. पण तोवर जेसी कित्येक वर्षं बँका लुटत होता. १८६९ साली गॅलाटिनमध्ये त्याने एका कॅशियरला भलताच कुणी समजून मारलं होतं. म्हणजे सिनेमाने परिणाम उचलला आणि कारणाच्या जागी नेऊन ठेवला. त्याआधी पोरवयात तो अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने गनिमी टोळ्यांत लढला होता, त्याच्या घरात गुलाम होते. गरिबांचा कैवारी म्हणून पडद्यावर आणायचं, तर हे गाठोडं बाहेर ठेवणंच सोयीचं. चित्रपटाला ऐतिहासिक माहिती पुरवणाऱ्यांत नाव असलेली जेसीची नातच नंतर म्हणाली म्हणे, की जेम्स नावाचा एक माणूस होता आणि तो घोड्यावर बसायचा, खरं इतकंच!

असा संपादक मात्र खरंच होता. जॉन न्यूमन एडवर्ड्स, कॅन्सस सिटीचा, तोही युद्धातला मेजर. १८७२ मध्ये तिथल्या जत्रेच्या फाटकावर गल्ला लुटला गेला आणि त्या झटापटीत एका लहान मुलीला गोळी लागली. एडवर्ड्सने काय लिहावं? लुटारूंच्या धैर्याची आरती. त्याला त्यांच्यात राजा आर्थरचे सरदार दिसले. वाचताना त्या मुलीची आठवण सुटली असणार. त्याच्या लिखाणात गोडवाच तसा होता. जेसीची मर्दुमकी वजा केली तरी काहीतरी उरतं, एडवर्ड्स वजा केला तर एक पोलिसी नोंद.

३ एप्रिल १८८२ ला भिंतीवरची तसबीर झटकत असलेल्या जेसीला त्याच्याच टोळीतल्या बॉब फोर्डने मागून गोळी घातली. ऑक्टोबरात भाऊ फ्रँक गव्हर्नरसमोर शरण गेला, तेव्हा सोबत एडवर्ड्स होताच. फ्रँक पुढे निर्दोष सुटला.

पण धंदा खरा कळला होता तो आईला. जेसीला तिने घराच्या अंगणातच पुरलं, बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेतले, आणि थडग्यावरचे खडेसुद्धा विकले, पाव डॉलरला एक. खडे संपले की ओढ्यावरून नवे आणून टाकायची, असं सांगतात.