मास्टर लिस्ट आधी, अप्रूव्हल नंतर

डॉक्युमेंट कंट्रोल, म्हणजे कंपनीतल्या कामाच्या कागदपत्रांची मंजुरी, बदल आणि वाटप सांभाळणं, सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरलं की सगळे आधी अप्रूव्हलच्या साखळीवर वाद घालतात. सुरुवात मास्टर लिस्टपासून, म्हणजे सगळ्या कागदपत्रांच्या नंबरवार यादीपासून करा. एकच नंबर दोन एसओपींना (कामाची ठरलेली पद्धत सांगणाऱ्या कागदांना), फॉरमॅट (भरायचा कोरा नमुना) चालू पण त्याची मूळ एसओपी रद्द, असा गोंधळ तसाच अपलोड केलात तर तो फक्त जास्त वेगाने फिरेल. नंबरात विभागाचं नाव गुंफू नका. विभाग बदलतात, नंबर बदलता येत नाही.

रिव्हिजन नंबर (कागदाची कितवी आवृत्ती ते) हेडरमध्ये हाताने टाइप करायचा नाही, तो सिस्टिममधूनच यायला हवा. इथे एक खोच आहे. वर्डमधली फील्ड्स (माहिती आपोआप भरणाऱ्या जागा) दरवेळी आपोआप ताजी होत नाहीत. पीडीएफ बनवण्याआधी ती अपडेट झाली नाहीत, तर सिस्टिममध्ये ०४ आणि पानावर ०३. ऑडिटरला हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.

अप्रूव्हलची तारीख आणि लागू होण्याची तारीख यांचे दोन वेगळे रकाने ठेवा. मधल्या दिवसांत ट्रेनिंग उरकायचं. जुनी रिव्हिजन अप्रूव्हल होताच रद्द होईल असं सेटिंग राहिलं, तर तेवढे दिवस लाइनवर एकही चालू वर्क इन्स्ट्रक्शन (काम कसं करायचं याची लेखी सूचना) नसते. नवी लागू होते त्याच क्षणी जुनी बाद व्हायला हवी.

अप्रूव्हर तिघांपेक्षा जास्त नकोत. एकामागून एक पाठवण्यापेक्षा एकदम पाठवा आणि प्रत्येकाला बदली माणूस नेमा. रजेवरच्या साहेबांचा पासवर्ड दुसऱ्याने वापरला की ऑडिट ट्रेलला (कोणी काय कधी केलं याच्या नोंदीला) काही अर्थ उरत नाही.

गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक आयएसओ ९००१:२०१५, त्यातल्या कागदपत्रांच्या नियंत्रणाच्या कलम ७.५.३ चा खरा कस शॉप फ्लोअरवर लागतो. मशीनवर क्यूआर कोड लावणार असाल, तर त्याची लिंक डॉक्युमेंट नंबरची हवी, फाइलची नको. फाइलची लिंक दिलीत तर तो कोड कायम जुनीच रिव्हिजन उघडत राहील. प्रिंट द्यावीच लागली तर तिच्यावर छपाईची तारीख आणि ‘फक्त आजपुरती वैध’ हा शिक्का आपोआप यावा. भरलेला फॉरमॅट मात्र रेकॉर्ड आहे. मध्येच नवी रिव्हिजन आली म्हणून तो पुन्हा लिहून काढायचा नाही.

राहिला मुदतीचा आढावा, म्हणजे कागद अजून बरोबर आहे का हे ठरावीक काळाने पाहणं. ठराविक वर्षांनी तो घ्याच, असं आयएसओ ९००१ सांगत नाही. तरी बहुतेक जण दोन वर्षं टाकतात, तीही अपलोडच्या तारखेपासून. मग दोन वर्षांनी एकाच सकाळी चारशे रिमाइंडर येतात आणि लोक न वाचता ‘बदल नाही’ दाबत सुटतात. या तारखा अपलोड करतानाच महिन्यांत वाटून टाका.