तुम्ही विचारलंत म्हणून: जंत पुन्हा पुन्हा का होतात?

"गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा सहसा होत नाही. मग जंत पुन्हा पुन्हा का? शरीराला प्रतिकारशक्ती येत नाही का?" शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचे दिवस आले की पालक मला हे हमखास विचारतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून.

येते, पण ही लढाईच वेगळी आहे. जिवाणूला पांढरी पेशी सरळ गिळते. गोल जंताची मादी मात्र वीतभर लांब, कधी त्याहून मोठी. तिला गिळणार कोण? म्हणून शरीर तिला बाहेर ढकलायला बघतं.

पहिली चाहूल आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशींना लागते. एरवी त्या तुरळकच असतात, माथ्यावर बारीक केसांचा झुपका. त्यांचं हे काम उंदरांवरच्या प्रयोगांतून 2016 मध्ये उलगडलं. त्या आयएल-25 हा रासायनिक संदेश सोडतात, तो आयएलसी-2 या प्रतिकारशक्तीच्या पेशींना पोचतो आणि त्या आयएल-13 हा दुसरा संदेश सोडतात. त्यासरशी अस्तरात टफ्ट पेशी आणखी वाढतात, म्हणजे संदेशही वाढतो. शिवाय चिकट स्राव बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, आतड्याचे स्नायू जोरात आवळतात. निप्पोस्ट्राँगायलस नावाचा जंत उंदीर असा दहाएक दिवसांत बाहेर काढतो. हे चक्र मला फार देखणं वाटतं.

तुमच्या सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, दिसतात ते इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही याच फौजेतल्या. स्लाइडवर दोन पाळ्यांचं केंद्रक आणि भोवती नारिंगी दाणे खच्चून भरलेले. पण त्या ॲलर्जीतही वाढतात, तेव्हा नुसत्या आकड्यावरून जंत ठरवू नका.

मग माणसात जंत टिकतात कसे? ते शरीराला शांत करतात. उंदरांतल्या एका जंताचं प्रथिन तर शरीराच्याच टीजीएफ-बीटा या शांत करणाऱ्या संदेशाची नक्कल करतं. त्यामुळे दाह आवरणाऱ्या टी-पेशी वाढतात. शरीरही नमतं घेतं, कारण सतत पेटलेला दाह आतड्यालाच सोसत नाही. गोवरासारखं पक्कं संरक्षण तयार होत नाही. अल्बेंडाझोल पोटातले जंत मारतं, पण अंगणातल्या मातीत अंडी असतातच. गोल जंताची तर वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणून दर खेपेची गोळी घ्यायलाच हवी, नीट चावून. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर मॉप-अप दिन (राहिलेल्या मुलांना गोळी द्यायचा दिवस) कधी आहे ते आशाताईंना विचारा. आणि उघड्यावर शौच होत असेल तिथे मुलांना अनवाणी सोडू नका, हुकवर्मची अळी तळपायाच्या कातडीतूनच आत शिरते.