तुम्ही विचारलंत म्हणून: जायरो असताना तुम्ही नक्की काय करता?

माळावर माझे रिमोटवर उडणारे छोटे जेट उतरून थांबले, की बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी पुढे येऊन विचारतो, “यात जायरो आहे म्हणता, मग ते आपोआपच उडत असेल ना? तुम्ही नक्की काय करता?” जायरोबद्दलचा, म्हणजे विमानाचे डळमळणे आपोआप थोपवणाऱ्या छोट्या डबीबद्दलचा, हाच प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला आहे, भाच्याने विचारला आहे आणि या छंदात नव्याने येऊ पाहणाऱ्या अनेकांनी विचारला आहे, आणि विमान गाडीत भरण्याच्या घाईत मी दर वेळी अर्धवट उत्तर देऊन सुटका करून घेतली आहे. थोडक्यात उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण त्या ‘नाही’मागची कारणे मला दोन विमाने मोडल्यावर कळली, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो.

माझ्या विमानात रॉकेलसारख्या इंधनावर चालणारे टर्बाइन नाही. पोटात ८० मिलिमीटर व्यासाचा, विजेवर फिरणारा डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेला पंखा, आहे, सहा सेलची ५००० मिलिअँपिअर-अवरची लिथियम-पॉलिमर बॅटरी आहे, वजन तीन किलोच्या आसपास आहे आणि पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे पूर्ण जोरावर, हा फॅन नव्वद अँपिअरच्या घरात वीज ओढत असल्यामुळे चार मिनिटांत उतरावेच लागते. पंख्याच्या साध्या विमानात आणि यात एक फरक असा आहे, की तिथे पुढच्या पंख्याचा वारा शेपटीवरून वाहत राहतो आणि विमान अगदी हळू चालले असले तरी थ्रॉटल दिल्याबरोबर एलिव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची पट्टी) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी) यांना जोर येतो. जेटमध्ये फॅनचा सगळा झोत मागच्या नळीतून बाहेर पडतो, त्यामुळे एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या), एलिव्हेटर आणि रडर यांना विमानाच्या वेगाखेरीज दुसरा आधार नसतो. जायरोही विमानाला हलवतो तो याच पृष्ठभागांमार्फत. पुढचे सारे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

जायरो विमान कुठे चालले आहे हे पाहत नाही. ते कोणत्या अक्षाभोवती किती झपाट्याने वळते आहे एवढेच तो मोजतो, आणि मी हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक हलवलेली नसताना वळले, तर विरुद्ध बाजूला सर्व्हो, म्हणजे ते पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर, ढकलून ते वळणे थोपवतो. वाऱ्याच्या झोताने डावा पंख उचलला गेला, तर माझ्या डोळ्याला ते दिसून बोट हलेपर्यंत जो वेळ जातो, त्याच्या कितीतरी आधी त्याने एलेरॉन हलवलेले असते. कल्पना जुनीच आहे. १९१४ साली पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी याने आपल्या विमानात फिरत्या चाकांचे जायरो बसवून, दोन्ही हात वर करून आणि आपल्या मेकॅनिकला उडत्या विमानाच्या पंखावर उभे करून परीक्षकांना थक्क केले होते. आजच्या जायरोत चाक नसते; सिलिकॉनच्या चिपमध्ये एक सूक्ष्म वस्तुमान सतत कंप पावत असते आणि चिप वळली, की त्या कंपनाची दिशा ढळते, ती मोजली जाते. आगपेटीहून लहान अशा त्या डबीकडे पाहून हे सगळे खरे वाटत नाही, एवढे मात्र कबूल करतो.

माझे पहिले जेट मोडले ते जायरोने आपले काम फार चांगले केले म्हणून. बॅटरी मागे सरकली होती आणि विमान शेपूटजड झाले होते. जायरो बंद ठेवून उडवले असते, तर पहिल्याच फेरीत नाक वरखाली होऊ लागून ते मला कळले असते, पण जायरो चालू असल्याने ते वेगात अगदी शहाण्यासारखे उडत राहिले. उतरताना वेग कमी झाला, एलिव्हेटरवरचा हवेचा जोर ओसरला, आणि इतका वेळ झाकून ठेवलेला दोष एकदम उघडा पडला: नाक उचलले गेले, एक पंख खाली गेला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे बाभळीत शिरले. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की गुरुत्वमध्य उत्पादकाने सांगितलेल्या जागी किंवा त्याच्या थोडा पुढे ठेवायचा, पहिली उड्डाणे जायरो बंद ठेवून करायची, ट्रिम, म्हणजे पृष्ठभागांना कायमचा थोडा कल, देऊन विमान हात सोडल्यावर सरळ जाईल असे करायचे, मग ट्रान्समीटरमधली ट्रिम शून्यावर आणून तेवढाच फरक सर्व्होच्या दांडीची लांबी बदलून द्यायचा, आणि त्यानंतरच जायरोला हात लावायचा. यावर एका हुशार मुलाने मला विचारले होते, “पण काका, तेजस तर मुद्दामच अस्थिर बनवलंय ना?” खरे आहे; २००१ च्या जानेवारीत पहिल्यांदा उडालेले तेजस संगणकाशिवाय सरळ राहूच शकत नाही. पण त्याची उड्डाण-नियंत्रण प्रणाली चौपदरी आहे, एक पदर निकामी झाला तरी उरलेले सांभाळून घेतात, आणि तिच्यामागे अभियंत्यांची अनेक वर्षे गेली आहेत. माझ्याकडे दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली एक डबी आहे.

ती डबी बसवताना ती विमानाच्या अक्षांशी समांतर आणि घट्ट असावी, फॅनच्या कंपनापासून जमेल तितकी दूर असावी, आणि बॅटरी जोडल्यावर सर्व्हो हलून खूण देईपर्यंत विमानाला कोणी स्पर्श करू नये, कारण त्या काही सेकंदांत जायरो ‘स्थिर म्हणजे काय’ हे ठरवत असतो. हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरे विमान मोडले ते मात्र मला ठाऊक असलेल्याच गोष्टीमुळे, आणि म्हणून त्याची चुटपुट अधिक आहे. फॅन दुरुस्त करण्यासाठी मी जायरो काढला होता आणि परत बसवताना जागा नीट मिळेना म्हणून तो त्याच फळीच्या खालच्या अंगाला पालथा चिकटवला. डबीवरच्या बाणाचे तोंड पुढेच होते, म्हणून मनाला खटकले नाही. माळावर मी विमान हातात धरून उजवीकडे कलवले, उजवे एलेरॉन खाली गेले, म्हणजे पडता पंख उचलण्याची दिशा बरोबर होती, आणि तेवढ्यावर समाधान मानून मी ते धावपट्टीवर ठेवले. लांबीच्या अक्षाभोवती पालथा घातलेल्या जायरोत कलण्याची दिशा तीच राहते, पण नाक वरखाली होण्याची आणि डावी-उजवीकडे वळण्याची दिशा उलटते. चाके सुटली, नाक जरासे उचलले गेले आणि जायरोने ते खाली दाबायचे सोडून आणखी वर ओढले. मी स्टिक पुढे लोटली, जायरो बंद करण्याचे बटणही दाबले, पण दोन मजल्यांच्या उंचीवर उभे राहिलेल्या जेटला सावरायला खाली जागा नव्हती. पुढचे चाक आणि नाक गेले, फॅन वाचला. आता मी तिन्ही अक्ष तपासतो: नाक खाली केले की एलिव्हेटर वर, नाक डावीकडे फिरवले की रडर उजवीकडे, आणि उजवा पंख खाली केला की उजवे एलेरॉन खाली. स्टिकने होणाऱ्या हालचाली वेगळ्या तपासतो, कारण स्टिक बरोबर असली म्हणून जायरोही बरोबर असेल असे मुळीच नाही.

मग येतो गेन, म्हणजे एवढ्याशा वळण्याला जायरोने किती जोरात उत्तर द्यायचे ते प्रमाण. पृष्ठभागांवरचा हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला ठीक असलेले उत्तर १२० ला चौपट जोराचे होते, जायरो गरजेपेक्षा जास्त ढकलतो, मग परत ओढतो, आणि पंख थरथरू लागतात. अशा वेळी आधी थ्रॉटल कमी करायचा, मग गेन. मी सुरक्षित उंचीवर पूर्ण वेगात गेन हळूहळू वाढवत ती थरथर येऊ देतो आणि तिथून साधारण पाव भाग खाली येतो. उतरण्यासाठी गेन वेगळा असतो, फ्लॅपच्या (उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या पट्ट्यांच्या) बटणाला जोडलेला, थोडा जास्त. दिशा धरून ठेवणारा मोड मी जमिनीवर कधीच चालू ठेवत नाही, कारण खाचखळग्यांतून जाताना तो प्रत्येक वळण्याची भरपाई साठवत बसतो आणि उड्डाणाच्या क्षणी रडर एका टोकाला गेलेले असते.

उतरताना काय करतो, हे विचारणारे कमी असतात, पण माझे खरे काम तिथेच असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा अडतीसवर गेला, की इथली हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १३ टक्के विरळ होते. त्यामुळे धाव लांबते आणि उतरण्याचा वेगही जास्त ठेवावा लागतो. वेग कमी पडून पंख स्टॉलच्या, म्हणजे उचल हरवण्याच्या, जवळ गेला असताना एक बाजू खाली गेली, तर जायरो त्या बाजूचे एलेरॉन खाली करतो, ज्याने त्याच पंखाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो आणि तो आणखी लवकर स्टॉल होतो. त्याला वेग कळत नाही. त्या वेळी कळले पाहिजे ते मला. शिवाय फॅनला पूर्ण गतीला यायला क्षणभर लागतो, म्हणून परत वर जायचे असेल तर ते वेळेआधीच ठरवावे लागते. शेवटच्या वळणापासून चाके टेकेपर्यंत मी थ्रॉटल पूर्ण बंद करत नाही, नाक वर धरून वेग थ्रॉटलने सांभाळतो, आणि त्या वेळात कोणी काही विचारले तर ऐकू येत नाही. चाके टेकल्यावर, पुढचे चाक सरळ ठेवण्याचे काम मी जायरोकडे सोपवतो आणि मग मागे वळून तुमच्या प्रश्नाकडे पाहतो.